काळप्रवासी नगरच्या तटावर पोचतो तेव्हा : चित्रकथेतली हत्यारं कशी तपासाल?

मांगा वाचून वाढलेली मुलं-मुली आता स्वतःच्या चित्रकथा काढू लागली आहेत. त्यांच्या प्रश्नांचा सूर बहुतेक वेळा एकच असतो. नायक आजचा, नगरच्या सावेडीत राहणारा, क्लासला जाणारा. काहीतरी घडतं आणि तो चारशे वर्षं मागे फेकला जातो. समोर किल्ला, वेढा, धूळ. इथवर कथा झोकात चालते. मग पहिल्या सैनिकाच्या हातात काय द्यायचं या प्रश्नावर पेन्सिल अडते. जपानी मांगातली तलवार डोळ्यांत भरलेली असते, टीव्ही मालिकेतली वेगळीच असते आणि मोबाइलवर शोधलं तर तिसरी निघते. यातली खरी कोणती?

"कथाच काल्पनिक आहे, मग हत्यार चुकलं तर काय बिघडलं?" असंही काहीजण विचारतात. साध्या ऐतिहासिक कथेत कदाचित फारसं बिघडणार नाही. काळप्रवासाच्या कथेत मात्र सगळंच बिघडतं. या प्रकारातली गंमत एका परक्या वस्तूवर उभी असते. ती वस्तू त्या काळाची नाही, हे वाचकाला जाणवलं पाहिजे. भोवतीचा काळच खोटा असेल तर परकी वस्तू उठून कशी दिसणार? हानमुरा र्‍यो यांच्या १९७१ च्या 'सेंगोकु जिएताई' या जपानी कादंबरीत आधुनिक सैन्याची तुकडी सामुराईंच्या युद्धकाळात जाऊन पडते. पुढे १९७९ मध्ये तिच्यावर सिनेमाही आला. भाले आणि चिलखतं अस्सल वाटतात म्हणूनच त्यांच्यात रणगाडा विचित्र दिसतो. आपल्याकडे जयंत नारळीकरांनी 'गंगाधरपंतांचे पानिपत' या कथेत विश्वासरावांना गोळी लागत नाही, एवढ्या एका फरकावर सगळा इतिहास फिरवला. गोळीची जागा नेमकी माहीत होती म्हणून ती चुकवता आली.

आधी साल ठरवा

'मध्ययुग', 'मोगलकाळ', 'शिवकाळ' अशा ढोबळ नावांवर चित्र उभं राहत नाही. साल हवं, शक्य असेल तर महिनाही हवा. नगर जिल्ह्यात निवडीला भरपूर वाव आहे:

- १४९०, भिंगार परिसर. मलिक अहमदने बहमनी फौजेचा पराभव केला. इथे खांद्याला लावायच्या बंदुका नकोत. धनुष्य, भाले, तलवारी, हत्ती पुरेत.
- डिसेंबर १५९५ ते १५९६ ची सुरुवात, नगरचा किल्ला. शहाजादा मुराद आणि खानखानान यांचा वेढा, आत चांदबीबी. तोड्याच्या बंदुका, तोफा, सुरुंग.
- १६२४, भातवडी. एकीकडे मलिक अंबर, दुसरीकडे मोगल आणि आदिलशाही फौजा. अंबरने तलावाचा बांध फोडून शत्रूच्या छावणीत चिखल केला. इथे पहिलं हत्यार पाणी आहे, तेव्हा तलवारीपेक्षा घोड्यांचे पाय काढायला जास्त वेळ द्या. शहाजीराजांचे भाऊ शरीफजी याच लढाईत पडले.
- ११ मार्च १७९५, खर्डा. जामखेड तालुक्यात मराठे विरुद्ध निजाम. दोन्ही बाजूंना युरोपीय अधिकाऱ्यांनी कवायत शिकवलेली पलटणं, गारगोटीच्या बंदुका, संगिनी.
- ऑगस्ट १८०३. आर्थर वेलस्लीच्या फौजेने ८ तारखेला शिड्या लावून पेठ घेतली आणि १२ तारखेला किल्ला. दिवस पावसाळ्याचे आहेत हे विसरू नका.

भिंगार आणि वेलस्ली यांच्यामध्ये तीनशे तेरा वर्षं आहेत. एकच 'जुना सैनिक' काढून तो दोन्हीकडे चिकटवता येणार नाही.

स्थळाचं नावही सालाबरोबर बदलतं. जिल्ह्याचं नाव अहिल्यानगर झालं ते २०२४ मध्ये, आणि अहिल्याबाईंचा जन्म चौंडीचा, १७२५ चा. म्हणजे १५९६ मधलं पात्र 'अहमदनगर'च म्हणणार आणि तुमचा नायक कदाचित गोंधळून दुसरं नाव घेणार. हा गोंधळ एखाद्या विनोदी चौकटीत छान वापरता येईल.

बंदूक : सगळ्यात जास्त चुका इथेच

चित्रकथांत बंदूकधारी चाप ओढतो, ठो आवाज होतो आणि लगेच दुसरी गोळी सुटते. सोळाव्या-सतराव्या शतकात असं होत नव्हतं. तोड्याच्या बंदुकीला जळती वात लागते. तिलाच तोडा म्हणतात. नळीत दारू ओतायची, गोळी टाकायची, गजाने ठासायची, कानावर रंजक घालायची, तोड्याचं टोक फुंकून लाल करायचं आणि मगच नेम. मिनिटाला एखाद-दुसरी गोळी सुटली तरी बरी. पाऊस आला की तोडा विझतो. जळता तोडा दारूच्या थैलीला लागला तर स्वतःचाच घात. रात्री तटावर बंदुकची उभे असतील तर अंधारात लाल ठिपक्यांची रांग दिसेल. ही चौकट काढून पाहा. मोबाइलचा टॉर्च लावून पळणारा तुमचा नायक तिच्यासमोर आपोआप परका दिसेल.

कुठल्या काळात कोणती बंदूक, याचा ढोबळ हिशेब असा ठेवा:

- तोड्याची बंदूक : सोळाव्या शतकापासून पुढे. दख्खनमध्ये अठराव्या शतकातही वापरात.
- गारगोटीची (चकमकीची) बंदूक : खर्डा आणि १८०३ या कथांसाठी. १५९६ मध्ये दिसली तर ती तुमच्या काळप्रवाशानेच आणलेली असावी.
- टोपीची बंदूक : एकोणिसाव्या शतकातली. वरच्या पाचही प्रसंगांत तिला जागा नाही.

मांगातून बंदूक उचलताना एक काळजी घ्या. पोर्तुगीजांबरोबर १५४३ मध्ये तानेगाशिमा बेटावर बंदूक पोचली आणि जपानी कारागिरांनी तिची घडण आपलीशी केली. गोवा-मलाक्का भागातल्या बंदुकांशी तिचं नातं सांगितलं जातं, त्यामुळे ती आपल्याला ओळखीची वाटते. पण जपानी बंदुकीचा दस्ता आखूड असतो आणि नेम धरताना तो गालाशी येतो. आपल्याकडच्या तोड्याच्या बंदुकीचा दस्ता लांब, सरळ आणि सडपातळ असतो. नागाशिनोच्या १५७५ च्या लढाईत बंदूकधाऱ्यांच्या तीन रांगांनी आळीपाळीने गोळ्या झाडल्या, असं दृश्य मांगात आणि सिनेमात पक्कं बसलं आहे. इतिहासकारांनी त्यावर गंभीर शंका घेतल्या आहेत. जे जपानातच वादग्रस्त आहे ते भातवडीच्या चिखलात आणून बसवू नका.

तोफ : गोळा पडला की स्फोट होतोच असं नाही

त्या काळातले बहुतेक गोळे दगडाचे किंवा लोखंडाचे, भरीव. ते आदळतात, उसळतात, भिंत खिळखिळी करतात, वाटेत येईल ते चिरडतात. फुटून आगीचा लोळ उठत नाही. नगरच्या वेढ्यातला खरा स्फोट जमिनीखाली झाला. मोगलांनी तटाखाली सुरुंग खणले. आतल्यांना सुगावा लागला आणि त्यांनी काही सुरुंगांतली दारू काढून घेतली. उरलेल्यांपैकी एक उडाला आणि तटाला मोठं खिंडार पडलं. चांदबीबी चिलखत घालून, तोंडावर बुरखा आणि हातात नंगी तलवार घेऊन त्या खिंडारात उभी राहिली. रातोरात भिंत पुन्हा उभी झाली. चित्रकाराला यात सगळं आहे: बोगद्यातले दिवे, कुदळी, दारूची पोती, मशालीच्या उजेडात दगड रचणारे हात. तरीही बहुतेक कथाकार तलवारींच्या खणखणाटाकडेच धाव घेतात, हे मला कोडंच आहे.

नगरची कथा म्हटली की मुलुखमैदान तोफ हवीच, असं सगळ्यांना वाटतं. ती ओतली नगरलाच, १५४९ मध्ये, मुहम्मद बिन हुसेन रूमी याने. लांबी चार मीटरहून जास्त, तोंडाचा व्यास साधारण सत्तर सेंटिमीटर, वजन सुमारे ५५ टन. तोंड सिंहाचं, जबड्यात हत्ती. पण ती पुढे परांड्याच्या किल्ल्यावर होती, १६३२ मध्ये विजापूरला गेली आणि आजही तिथल्या बुरुजावर आहे. नगरच्या तटावर १५९६ मध्ये ती काढण्याआधी त्या साली ती कुठे होती याचा पुरावा हाती घ्या. तो नसेल तर लहान तोफांवर भागवा किंवा कथाच १५४९ च्या ओतशाळेत न्या. ओतशाळेतला काळप्रवासी मला तटावरच्यापेक्षा जास्त पटेल. रूम म्हणजे तुर्कस्तान. परमुलखातून आलेल्या जाणकाराला निजामशाहीत मान होता, आणि पुढे खुद्द मलिक अंबर हबसाणातून आलेला. विचित्र कपड्यांतला, धातूची चार सूत्रं पाठ असलेला तुमचा नायक तिथे लगेच मारला जाणार नाही. आधी त्याला कामाला लावतील.

आणखी एक सापळा कागदपत्रांतला. जुन्या मराठी लेखनात लढाईच्या वर्णनात 'बाण' सुटतात तेव्हा बऱ्याचदा ते बांबूला बांधलेले दारूचे अग्निबाण असतात. संदर्भ न पाहता तिथे धनुर्धारी काढलात तर अख्खं पान चुकेल.

तलवार : पात्याआधी मूठ पाहा

मांगाच्या सवयीने हात कातानाच काढतो: लांब मूठ, दोन्ही हातांची पकड, डोक्यावरून वार. दख्खनी तलवारीची मूठ एका हातापुरती असते. बोटांपुढे आडवी परज आणि मुठीच्या मागच्या टोकाला वाटोळी तबकडी. ही तबकडी मनगटाला टेकते, त्यामुळे मनगट फार वळत नाही. वार कोपरातून आणि खांद्यातून येतो. दुसऱ्या हातात ढाल, चामड्याची, वर चार फुल्या. म्हणजे तुमच्या योद्ध्याची उभं राहण्याची ढबच वेगळी निघेल. मूठ नीट काढलीत तर निम्मं शरीर आपोआप बरोबर येतं.

- पाठीवर तलवार अडकवू नका. ती कमरेला असते.
- धोप सरळ पात्याची असते. सगळ्यांच्या हातात वाकडी तलवार देण्याची गरज नाही.
- फिरंग म्हणजे युरोपीय पातं आणि इथली मूठ. महाराष्ट्र शासनाने २०२५ मध्ये लंडनच्या लिलावातून मिळवलेल्या रघूजी भोसले यांच्या तलवारीचं पातंही युरोपीय घडणीचं आहे, आणि त्यावर देवनागरीत सोन्याचा लेख आहे. पातं परदेशी दिसलं म्हणून ते चूक ठरत नाही.
- दांडपट्टा २०२४ मध्ये राज्यशस्त्र म्हणून जाहीर झाला, तेव्हापासून तो प्रत्येक पानावर दिसू लागला आहे. कोपरापर्यंत लोखंडी खोळ, मनगट जखडलेलं, लांब लवचिक पातं. तो चालवायला वर्षानुवर्षांची तालीम लागते. तुमच्या नायकाला तो दुसऱ्या दिवशी जमला तर वाचक पुस्तक मिटतील.
- वाघनखं जवळून, चोरून वापरायची. रणांगणात ती घालून धावणारी फौज काढू नका.

चित्रं पुरावा असतात, पण साक्ष तपासून घ्या

नगरच्या निजामशाहीसाठी पहिला आधार पुण्यात आहे. भारत इतिहास संशोधक मंडळाकडे 'तारीफ-इ-हुसेनशाही' हे सचित्र हस्तलिखित आहे. हुसेन निजामशहाच्या काळाचं, १५६५ च्या सुमाराचं, तालिकोटच्या लढाईच्या चित्रांसह. मंडळाने ते पुस्तकरूपात छापलंही आहे. त्यातले घोडे, हत्ती, शिरस्त्राणं, कमरपट्टे पाहा. मालिकांतल्या वेशभूषेपेक्षा ते कितीतरी विश्वासार्ह. पुण्याचं राजा दिनकर केळकर संग्रहालय आणि मुंबईचं छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय इथे खरी हत्यारं पाहायला मिळतात. नगरच्या ऐतिहासिक वस्तुसंग्रहालयात कागदपत्रं आणि हस्तलिखितांसाठी वेळ काढा. १८८० मध्ये छापलेलं एगर्टनचं भारतीय शस्त्रांवरचं पुस्तक जुनं असलं तरी आकृत्यांसाठी आजही उपयोगी आहे.

मात्र प्रत्येक चित्राला दोन गोष्टी विचारा: ते कधी काढलं आणि कोणाला खूश करायला? चांदबीबी ससाणा घेऊन घोड्यावर बसल्याची चित्रं पुष्कळ आहेत. त्यातली बरीच तिच्या मृत्यूनंतर शंभरेक वर्षांनी काढलेली. अबुल हसनचं प्रसिद्ध चित्र तर याहून मासलेवाईक. त्यात जहांगीर मलिक अंबरच्या कापलेल्या मुंडक्यावर बाण मारतो आहे. प्रत्यक्षात अंबर कधीच त्याच्या हाती लागला नाही. १६२६ मध्ये तो आपल्या मरणाने गेला. चित्रातली वस्त्रं आणि शस्त्रं अभ्यासाला घ्या, प्रसंग घेऊ नका. लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयातून २०२४ मध्ये साताऱ्याला आलेली वाघनखंही याच पारड्यात तोला. ती अफझलखानाच्या भेटीतलीच आहेत हे सिद्ध करता येत नाही, असं ते संग्रहालयच सांगतं. वस्तू जुनी असणं वेगळं, आणि ती अमक्याच्या हातात होती हे वेगळं.

वास्तूंच्या लोकप्रिय नावांवरही विसंबू नका. शहराबाहेर डोंगरावर दिसणारा तथाकथित चांदबीबी महाल हा सलाबतखानाचा मकबरा आहे. तिथे चांदबीबीचं शस्त्रागार काढाल तर नगरचीच मुलं तुम्हाला हसतील.

काळप्रवाशाच्या पिशवीचा हिशेब

आधुनिक वस्तूलाही अचूकपणा लागू आहे. नायक रणगाडा घेऊन जाणार असेल तर नगरसारखं गाव नाही: १९९४ मध्ये सुरू झालेल्या इथल्या रणगाडा संग्रहालयात दुसऱ्या महायुद्धातल्या जपानी रणगाड्यांसह कितीतरी देशांची यंत्रं उभी आहेत. तिथे जाऊन माणसाच्या उंचीशी प्रमाण जुळवा. फोटोंवरून काढलेले रणगाडे हमखास लहान निघतात. मग विचारा: इंधन किती, गोळे किती, दुरुस्ती कोण करणार? हे संपत जाणं हाच कथेचा ताण असतो. मोबाइलची बॅटरी किती टक्के उरली हेही चौकटीगणिक लिहून ठेवा. मधल्या पानावर ती आपोआप वाढली तर वाचक अचूक पकडतात.

तुमचे हक्क आणि कायद्याच्या मर्यादा

- जुनं चित्र, नवा फोटो. चारशे वर्षांपूर्वीच्या चित्रावर कोणाचा स्वामित्वहक्क उरलेला नसतो. संग्रहालयाने काढलेला त्याचा फोटो जसाच्या तसा छापायचा असेल तर मात्र त्यांच्या अटी वाचा. पाहून स्वतः रेखाटणं हा सुरक्षित मार्ग.
- दुसऱ्याची चित्रकथा. घटना आणि तारखा सगळ्यांच्या. कोणी काढलेली चौकट, पात्राचा चेहरा, संवाद त्यांचे. लेखकाच्या हयातीनंतर आणखी ६० वर्षं तो हक्क टिकतो. आवडत्या मांगातली चौकट गिरवून फक्त तलवार बदलणं म्हणजे नक्कलच.
- प्रकाशकाशी करार. स्वामित्वहक्क दुसऱ्याला देणं लेखीच असावं लागतं. करारात मुदत लिहिली नसेल तर कायदा ती पाच वर्षं मानतो. प्रदेश लिहिला नसेल तर भारतापुरता. नोकरीत असताना काढलेल्या चित्रांचा पहिला मालक सहसा मालक-संस्था असते, तेव्हा सही करण्याआधी तुम्ही नोकर आहात की स्वतंत्र चित्रकार हे स्पष्ट करून घ्या. हक्क विकलात तरी चित्राखाली तुमचं नाव मागण्याचा अधिकार तुमच्याकडे राहतो.
- किल्ल्यातले फोटो. नगरचा किल्ला लष्कराच्या ताब्यात आहे. ओळखपत्र जवळ ठेवा, कुठे छायाचित्रं चालतील ते दारातच विचारा आणि ड्रोन घरी ठेवा. वही-पेन्सिल न्या, तटाचा उतार आणि खंदकाची रुंदी रेखाटताना जितकी कळते तितकी फोटोत कळत नाही.
- नमुन्याला खरी तलवार. ऑनलाइन मिळते म्हणून मागवू नका. शस्त्र कायद्याखाली ९ इंचांपेक्षा लांब किंवा २ इंचांपेक्षा रुंद धारदार पात्याला शासनाने अधिसूचित केलेल्या भागांत परवाना लागतो, आणि अशा तलवारी पोलिस जप्त करतात. लाकडी किंवा बिनधारेची नाटकातली तलवार हात-मनगटाची ढब पाहायला पुरते. शंका असेल तर आधी पोलिस ठाण्यात विचारा.
- घरातली किंवा शेतातली जुनी वस्तू. शंभर वर्षांहून जुनी वस्तू पुरावशेष ठरू शकते. ती परदेशी पाठवता येत नाही आणि काही प्रकारांची नोंदणी करावी लागते. नांगरताना तोफगोळा सापडला तर तो घासूनपुसून टेबलावर ठेवू नका. क्वचित एखादा पोकळ, दारू भरलेला असू शकतो. जागेवरच राहू द्या आणि तलाठी किंवा पोलिसांना कळवा. जमिनीत पुरलेला मौल्यवान ठेवा सापडल्यास जिल्हाधिकाऱ्यांना कळवण्याची जबाबदारी कायद्याने सापडणाऱ्यावरच टाकली आहे. रेखाटन मात्र तिथेच करून घ्या, शेजारी मोजपट्टी ठेवून.